वाळवंटात भरलेला जबड्यांचा बाजार

फसवलं नाही म्हणतेस? मग काय केलंस गं, माझा सत्कार केलास? ‘बाबा, चला, जरा वाळवंट बघून येऊ, हवापालट होईल’ असं गोड बोलून गाडीत घातलंस की नाही? आणि वर मला म्हणतेस, उगाच आवाज चढवता... चढवणार! माझा आवाज आहे, मी चढवीन नाहीतर उतरवीन! ...बघा. लावलं दार. बापाच्या तोंडावर दार लावून बाहेर जाऊन उभी राहिली. एवढी शिकली, डॉक्टर झाली, पण भांडण अर्धं सोडून जायची सवय काही गेली नाही हिची. आईवर गेलीय.

ओ, पलीकडच्या खाटेवरचे, तुम्ही हसू नका. तुमचाही नंबर आहे माझ्यामागे. तुम्हालाही झोपवणार आहेत. झोपवायच्या आधी कळेल तुम्हाला, तुमच्याकडे कोणी माणूस म्हणून बघतच नाही ते. मी सांगतो ना, या भुलीच्या डॉक्टर लोकांना माणूस दिसत नाही, जबडा दिसतो!

तर तुम्हाला सांगतो, मी बैलांचा दलाल. शाळा म्हणाल तर मास्तरांनी एकदा मारलं, मी त्यांना उलट ढकललं, तिथे शिक्षण संपलं. त्यानंतर सगळं आयुष्य बाजारात. बैल आला की धरला नाकाला, उघडला जबडा, दात बघितले, सोडला. पुढचा. किती जबडे उघडले असतील त्याचा हिशेब नाही, आणि एकाही बैलाला मी विचारलं नाही की बाबा रे, तुला कसं वाटतंय. कशाला विचारू? बैल आहे तो! पण मी बैल आहे का? ...ही बाई मान हलवते बघा, हो म्हणून. काकू, तुम्हाला विचारलं नव्हतं.

तर झालं काय, माझ्या पोटाला खाली इथे, जांघेशी, एक गोळा यायला लागला. खोकलो की बाहेर, हाताने ढकलला की आत. पाळलेल्या कोंबडीसारखा ये-जा करायचा. मी म्हटलं राहू दे, कोणाचं काय खातोय. पण एक दिवस बाहेर आला तो आत जाईना. उलट्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधार आला, मग कसाबसा गेला. तेव्हा सर्जन म्हणाला, “आता ऑपरेशन. पुढच्या वेळी हा अडकला तर आतडं सडेल आणि मग माझ्याकडे धावत येऊन उपयोग नाही.” बरं, चाकूचं मला काही नाही हो. बैलाने शिंग घातलेलं आहे मला, तिथेच भर बाजारात टाके घालून घेतलेत. मला चाकूचं भय नाही. मला झोपवण्याचं भय आहे.

भय म्हणजे... राग आहे म्हणा! कोणी परक्याने यायचं, काहीतरी टोचायचं, आणि आपण मेल्यासारखं पडायचं? श्वाससुद्धा आपला नाही, तो म्हणे यंत्र घेणार! मग मी काय करणार तिथे? सर्जन म्हणाला, कमरेत सुई देऊन नुसता खालचा भाग बधिर करू. तर तेही नाही, कारण त्याच शिंगवाल्या बैलाने कमरेचे मणके असे काही बसवलेत की तिथे सुई जायला वाटच नाही. म्हणजे पूर्ण झोपच. मी म्हटलं ठीक. माझी लेक याच कामाची डॉक्टर आहे, याच दवाखान्यात रोज माणसं झोपवते, ती झोपवेल बापाला. विषय संपला.

तर ही म्हणते, “नाही.”

म्हटलं, नाही म्हणजे?

“बाबा, आपल्या माणसाला आपण भूल देत नाही.”

“का? परक्यांना चालते, मग बापालाच काय काटे आहेत?”

“हात माझाच असतो बाबा, पण तुम्ही समोर पडलात की डोकं डॉक्टरचं राहत नाही, लेकीचं होतं. नको. मी नाही करणार.”

आता यावर काय बोलायचं, सांगा! लहानपणी हिला खांद्यावर बसवून बाजारात हिंडवली, बैलांच्या गर्दीत कधी हिला धक्का लागू दिला नाही, तेव्हा माझं डोकं दलालाचं होतं की बापाचं, हे मी बघत बसलो का? मीही सांगून टाकलं. “तू नाही तर कोणी नाही. दुसऱ्या कुणाच्या हातून मी झोपायचा नाही. गोळा माझा आहे, मी बघून घेईन.” सहा... जाऊ दे, बरेच दिवस आमचं बोलणं बंद. घरात हिची आई मधे उभी. हिला सांगणार, “तुझ्या बापाला सांग जेवायला ये.” ही म्हणणार, “तूच सांग.” आणि मी तिथेच पाटावर बसलेलो!

आणि मग एक दिवस हिचा आवाज एकदम मऊ. “बाबा, मला चार दिवस एका ट्रेनिंगला जायचंय. वाळवंटात, रिसॉर्टवर. खोली दोघांची आहे, तुमच्या जावयाला रजा नाही. येता का? छान हवा आहे.” तेव्हाच कळायला हवं होतं हो! बाजारात गिऱ्हाईक गोड बोलायला लागलं की मी आधी खिसा चाचपतो. पण लेक आहे... गेलो.

काय सांगू ते ठिकाण! जिकडे बघाल तिकडे वाळू, झाड नाही, सावली नाही, जनावराला एक घोट पाणी मिळणार नाही, आणि मधोमध हा एवढा मोठा पोहायचा तलाव! त्यात कोणी पोहत नाही, कडेला पडून पुस्तकं वाचतात. बाहेर तवा तापावा तशी जमीन, आणि आत खोलीत इतकं गार की मी दोन रजया घेऊन बसलो. म्हटलं एवढा लांब वाळवंटात आणून थंडीने मारायचं होतं तर घरीच विहिरीत सोडायचं.

आणि जमलेत कोण? भुलीचे डॉक्टर! गावोगावचे! म्हातारे, तरुण, बाया, बाप्ये, सगळे गळ्यात पाटी अडकवून. मी हिला विचारलं, “हे काय नापास झालेत का?” तर म्हणे, “नाही बाबा, दरवर्षी थोडं नवीन शिकावंच लागतं, नाहीतर काम करायची परवानगी पुढे मिळत नाही.” बघा! म्हणजे पंचवीस वर्षं माणसं झोपवणारा म्हातारा पुन्हा पहिलीत बसलाय, आणि पुढे एक सुटातला मास्तर पडद्यावर घशाची चित्रं दाखवतोय. एवढाली चित्रं! भिंतभर घसा! नाश्ता करून लगेच! मला तर पुढचा चहा गेला नाही.

बाजूच्या खोलीत एक रबरी माणूस आडवा घातलेला. त्याला घर नाही, दार नाही, दिवसभर तोंड उघडं टाकून पडलेला. हे लोक ओळीने यायचे, त्याच्या घशात श्वासाची नळी घालायचे. कोणाची चुकली की दात वाजायचा, टक्! आणि मास्तर शांतपणे म्हणायचा, “मेला.” मग बटण दाबायचा, रबरी परत जिवंत, पुढचा या! एका दुपारात तो बिचारा किती वेळा मेला हो! आणि यांना काही नाही, हसतात, चहा पितात, “अरे, माझ्या हातून दोनदा गेला, तुझ्या हातून?” माझ्या पोटात गोळा आला. तो नाही, दुसरा. मी हिला हळूच विचारलं, “माझं बटण कुठे आहे गं?”

तिने तोंड फिरवून गळ्यातली पाटी सरळ केली. मला वाटलं ऐकू गेलं नसेल.

बरं, मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसलो. मी आपला खाली मान घालून जेवतोय, तर एक चकचकीत भांगाचा डॉक्टर आला, शेजारी बसला. “नमस्कार काका, प्रवास बरा झाला ना?” म्हटलं झाला. “वा, वा. काका, जरा आ करता?” ...अहो, तोंडात घास! मी म्हटलं काय? “नाही, सहज. जीभ बाहेर काढा... आणखी... वा!” वा म्हणून उठून गेला! मग दुसरी एक चष्मेवाली आली. “काका, दोन जिने चढले की दम लागतो का?” म्हटलं, इथे जिनाच नाही. “मान मागे टाकून दाखवा ना. अगदी वर बघा.” मी वर बघितलं. वर पंखा. ती माझ्या गळ्याखाली बोटं टेकवून काहीतरी मोजते आहे, आणि पलीकडच्या टेबलावरचे चौघे चमचे खाली ठेवून बघतायत! एक म्हणाला, “मान आखूड आहे हां.” दुसरा म्हणाला, “आणि जाड.” तिसरा म्हणाला, “खालचे पुढचे हलतायत वाटतं.” मी तिथे बसलोय! जिवंत! जेवतोय! आणि हे माझ्यासमोर माझा भाव करतायत! तेव्हाच मी म्हटलं, या लोकांना माणूस दिसत नाही, जबडा दिसतो!

टाकला चमचा, हिला खोलीत गाठली. “हे काय चाललंय?”

तर ही खाटेच्या कडेवर बसली, हात असे मांडीत धरून... लहानपणी परीक्षेत कमी गुण मिळाले की बसायची तशी. आणि म्हणाली, “बाबा, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय तुमच्याबद्दल. तुमचा घसा अवघड आहे. तुम्ही झोपेत घोरता आणि घोरता घोरता श्वास बंद पडतो. आई रोज कोपराने ढोसते म्हणून परत चालू होतो. आजवर तुमचं यंत्र म्हणजे आईचं कोपर. टेबलावर आई नसणार. मी भूल देणार नाही, पण चुकीच्या माणसाच्या हातीही देणार नाही. इथे इतके जण आलेत. तुम्ही एवढे बैल निवडलेत. यातला एक निवडा. तुम्ही ज्याला बोट लावाल त्याला मी बोलावून घेईन.”

ऐकलंत? माझा श्वास बंद पडतो! मी म्हटलं, “साफ खोटं! मी झोपेत कान उघडे ठेवणारा माणूस, बाजाराच्या मुक्कामात दावं हलकंसं हललं तरी मी उठतो!” तिकडे तिने आईला फोन लावला आणि आवाज मोठा केला. आमची बाई पलीकडून म्हणते, “माझं कोपर दुखतंय गं, पण हे नाहीत म्हणून मी दोन दिवस सुखाने झोपते आहे. आणि तिथे कोण ढोसतंय त्यांना?” ही म्हणाली, “मी.” म्हणजे रात्रभर ही जागी! आणि मला सकाळी वाटायचं की पलंगाला ढेकूण आहेत, मी त्या रिसॉर्टवाल्याशी भांडून आलो होतो!

बरं, चीड आली ती आली, पण एकदा बाजार भरलाय म्हटल्यावर माझं डोळे मिटून बसणं होणार का? सकाळ झाल्याबरोबर मीही निघालो. तुम्ही माझा जबडा बघता काय, थांबा, मी तुमचा बघतो. तो चकचकीत भांगवाला मला पहिल्यांदा आवडला. अंगाने भरदार, चाल डौलदार, बोलणं लोण्यासारखं. मनात म्हटलं, हाच! जवळ गेलो तर काय, रबरी माणसाच्या दोन दाढा याच्या हातून गेल्या, आणि हा म्हणतो, “टेबल उंच होतं.” नापसंत. एक म्हातारा होता, अनुभवी दिसला. भाषणात पहिल्या रांगेत बसून डुलक्या घेत होता. जो स्वतःच झोपतो तो मला जागा कसा करणार? नापसंत. एक तरुण पोरगा, हात एकदम स्थिर, पण त्याने मला सांगितलं, “काका, तुमच्यासारखा घसा मला आयुष्यात एकदा तरी करायचाय!” डोळे असे लकाकले त्याचे! म्हटलं, बाबा, मी जत्रा आहे का? नापसंत, नापसंत, नापसंत! तिसऱ्या दिवसापर्यंत मी अख्खा बाजार मोडीत काढला होता, आणि लेकीला सांगून टाकलं, “एकही जातीचा नाही. चल घरी. गोळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे.”

ती नुसती उठली आणि बॅग भरायला लागली. तेव्हा मात्र मला जरा... तिची पाठ दिसत होती मला. घड्या घालत होती, मोडत होती, परत घालत होती त्याच शर्टाच्या.

शेवटची दुपार. जेवण झालं, ही म्हणाली, एवढं एक भाषण ऐकते आणि निघू. मी मागच्या रांगेत जाऊन बसलो. दिवे बंद, गारवा, मास्तरचा आवाज असा एकसुरी... म्हटलं जरा पापणी टेकावी. एवढंच केलं हो मी! जेवून पापणी टेकली! हा काही गुन्हा आहे?

पुढचं मला आठवत नाही, सगळ्यांनी सांगितलं ते सांगतो. मी म्हणे घोरायला लागलो. इतर कुठल्या सभेत हे झालं असतं तर काय झालं असतं? लोक हसले असते, कोणी शुक् शुक् केलं असतं. पण ही जात बघा! मास्तर बोलायचा थांबला. सगळ्या सभागृहाचे कान मागे. कोणी हसत नाही. म्हणे शंभर डॉक्टर नुसते माझं घोरणं ऐकत बसले होते, गाणं ऐकावं तसे. आणि मग ते थांबलं. एक क्षण... दोन... आणि अख्खी सभा माझ्यावर!

खुर्च्या पडल्या, दिवे लागले, एकाने पाय धरले, दुसऱ्याने नाडी, तिसरा ओरडतो “आडवे करा”, चौथा म्हणतो “नळी आणा”, मास्तर व्यासपीठावरून उडी मारून आला, तो चकचकीत भांगवाला माझ्या शर्टाची बटणं तोडतोय... मी डोळे उघडतो तर काय! खाली मी आणि वर नुसती डोकी! माणूस घाबरेल की नाही? मला वाटलं दरोडा! जे हाताला लागलं त्याला दिली ठेवून. अशी की तिचा चष्मा त्या भिंतीला!

तिचा म्हणजे, जेवताना आलेल्या चष्मेवालीचा नव्हे, दुसरीच एक बुटकीशी बाई होती. चार दिवस मला दिसलीसुद्धा नव्हती, नेहमी कोपऱ्यात चहा पीत असायची. माझ्या डोक्याशी गुडघ्यावर बसून तिने दोन्ही हातांनी माझा जबडा असा पुढे ओढून धरला होता. थप्पड बसल्याबरोबर बाकी सगळे मागे पळाले. भांगवाला तर खुर्चीमागे! आणि ही बाई? गाल लाल, डोळ्यांत पाणी, चष्मा नाही, समोर काही दिसत नाही... पण बोटं हलली नाहीत! जबडा तसाच धरलेला! मी ओरडलो, “सोड!” तर खालच्या आवाजात म्हणते, “पूर्ण जागे झालात की सोडते. तोवर आणखी मारायचं तर मारा. मान मात्र हलवू नका.”

तुम्हाला सांगतो... मला शिंगवाल्या बैलाचा दिवस आठवला. सगळा बाजार पळाला होता तेव्हा. बैलाचं दावं धरायला एक माणूस उभा राहिला असता तर माझे मणके आज सरळ असते. मी तसाच पडल्या पडल्या लेकीला शोधली. ती लांब, आपल्या खुर्चीशीच उभी होती. शंभर जण धावले, हिचे पाय जागचे हलले नव्हते. तोंडावर हात, चेहरा पांढराफटक. तेव्हा मला कळलं हो, ही ‘नाही’ का म्हणत होती ते. मी हात वर केला आणि त्या बुटकीला बोट लावलं. म्हटलं, “ही. ही घेतली.”

तर ती बाई काय म्हणाली माहितेय? चष्मा उचलून, पुसून, माझ्या तोंडात डोकावून म्हणाली, “बघू तर... अरे बापरे. छान अवघड आहे.” अजूनही माणूस नाही! मी तिला मारलं, तिने मला वाचवलं, एवढं सगळं होऊन तिला दिसला काय? जबडा!

तीच येणार आहे आत्ता. दुसऱ्या गावाहून पहाटे निघून आलीय माझ्यासाठी. मघाशी येऊन गेली, म्हणाली, “काका, जागे होताना लोक कधी कधी हात उगारतात, तुमचे आधीच धरून ठेवायला सांगितलेत.” म्हणजे तीही माझ्यावर विश्वास ठेवत नाही! आणि मला मात्र ठेवायला लावतात. त्यावरूनच मघाशी मी पोरीवर ओरडलो. म्हटलं, “फसवून नेलंस आणि बापाचे हात बांधायची पाळी आणलीस.” ती म्हणाली, फसवलं नाही. आणि लावलं दार.

ती काय, दाराच्या काचेतून दिसते बघा. भिंतीला टेकून उभी. रोज लोकांच्या घरच्यांना सांगते, ‘काळजी करू नका, बसून घ्या’, आणि आज स्वतः बसत नाही. जो तो जाता जाता ‘मॅडम, मॅडम’ करतो आणि पुढे जातो. डॉक्टर आहे ना, तिला कोण विचारणार? मी विचारलं असतं, पण आमचं भांडण चालू आहे. मी माघार घ्यायचा नाही.

आली बघा चाकाची खाट. चला... हो रे बाबा, चढतो, ढकलू नकोस, मी काही पळत नाही. ओ काकू! तुम्हीच, मघाशी मान हलवणाऱ्या. तुमचा नंबर दुपारी आहे, मी ऐकलंय. उठा, बाहेर जा आणि तिला धरून त्या बाकावर बसवा. ऐकणार नाही, हट्टी आहे, ओढून बसवा. मग तुम्हीही शेजारी बसा. काही बोलू नका. मी परत येईपर्यंत उठायचं नाही.

माझ्याकडे काय बघताय? जा!